दहा बऱ्या पोरींचे सर

आमच्या सरांनी सामना चालू असताना कुठल्याही मुलीला मैदानाबाहेर काढलं नाही. ते फक्त पाणी प्यायला बोलवायचे. "रेश्मे, ये गं, पानी पी," एवढं म्हणाले की रेश्मा बाहेर यायची आणि बसलेल्यांपैकी दुसरी कुणीतरी वेणी घट्ट करत आत पळायची. बाहेर आलेलीला पाणी खरंच मिळायचं, तेही सरांच्या हातून, घरून आणलेल्या स्टीलच्या तांब्यातलं. पहिल्या सामन्याला मी त्यांना म्हटलंसुद्धा, "अहो सर, त्या पोरीला तहान नाही लागलेली, आत्ताच तर प्यायली ती!" त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी पुढे शाळेच्या निरीक्षणाला आलेल्या साहेबांकडे बघताना खूप वर्षं वापरलं.

मला तरी काय कळणार होतं? मी मराठी शिकवणारी बाई. नसरापूरकडून वेल्ह्याला रस्ता जातो त्या वाटेवर आमची शाळा, दहावीपर्यंतची. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक शिक्षिका हवी असा नियम, आणि शाळेत आम्ही बायका दोघीच. दुसरीचं बाळ अंगावर पिणारं. मग राहिलं कोण? मुख्याध्यापकांनी माझं नाव घातलं आणि वर म्हणाले, "तेवढंच तुम्हाला हिंडणं होईल." भोरहून रोज दोन गाड्या बदलून शाळेत येणाऱ्या बाईला म्हणे हिंडणं! खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी पिशवीत तपासायच्या वह्या घेऊन जायची आणि अर्ध्या सामन्यात शुद्धलेखन तपासत बसायची.

आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी, फार तर खो-खो. बास्केटबॉल आला तो कुणा देणगीदाराच्या लहरीमुळे. त्यानं काँक्रीटचं मैदान करून दिलं, दोन खांब उभे केले, फोटो काढून घेतला आणि गेला तो गेलाच. गावानं त्या मैदानाचा पहिला उपयोग केला तो भात वाळवायला. दिवाळीच्या सुमारास सराव करायचा म्हणजे आधी कुणाचं तरी भात गोळा करणं आलं. सर भांडायचे नाहीत. पोरींना हाताशी घेऊन स्वतः झाडायचे, पोती भरून कडेला लावायचे, आणि त्याच पोत्यांवर राखीव मुली बसायच्या. सर स्वतः तरुणपणी कबड्डी खेळलेले. बास्केटबॉल ते एका शिबिरात शिकून आले होते, आणि उरलेला मुलींबरोबर शिकले.

या खेळात एक बरं आहे. आत पाच जणी खेळतात, पण बाहेर काढलेली मुलगी पुन्हा आत जाऊ शकते, कितीही वेळा. इतर शाळांचे प्रशिक्षक याचा उपयोग अडीनडीला करायचे. चांगल्या पाच उतरवायच्या, आणि त्यातली एखादी अगदीच धापा टाकायला लागली तर राखीव आत. आमचे सर मात्र दहाच्या दहा खेळवायचे, आणि तेही सुरुवातीपासून. मी एकदा कंटाळून विचारलं, की चांगली खेळणारी बरी बाहेर बसवता हो तुम्ही? तेव्हा त्यांनी मला ते समजावलं.

"बाई, लावणी बघितलीय न्हवं? सावडीनं लावत्यात ती?"

बघितली होती की. आमच्या डोंगरपट्ट्यात भाताची लावणी एकट्या घराच्यानं होत नाही. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या, ही सावड. सरांचं मूळ घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, त्यांचं बालपण त्या चिखलात गेलेलं.

"खाचरात वाकल्याली बाई कंबर मोडंस्तोवर वाकत न्हाई. जरा वेळानं ती उठती, बांधावर बसती, तंबाखूची चिमूट लावती, दुसरी तिच्या वळीला लागती. म्हनून दिवस मावळंपतूर वळ सरळ ऱ्हाती. दमल्यावर उठवली तर उशीर झाला, बाई. दमायच्या आदी उठवायची."

मग दमलेली कशी ओळखायची तेही सांगितलं. कमरेवर हात ठेवणारीकडे बघायचंच नाही, तिचं कधीच काम झालेलं असतं. चेंडू दुसरीला दिल्यावर जी चेंडूकडे न बघता खाली जमिनीकडे बघते, ती दमायला लागली. तेव्हापासून माझ्या वह्या पिशवीतच राहू लागल्या. मी पोरींच्या डोळ्यांकडे बघत बसायची आणि सरांच्या आधी पुटपुटायची, "सोनाली खाली बघतेय." सर हसायचे. "बाई, तुमी आता शिट्टी घ्या, म्या मराठी शिकवतो."

ही आळीपाळी त्यांच्या अंगातच होती. एसटीत आमच्या संघाला कधी पुरत्या जागा मिळायच्या नाहीत, मग दर मोठ्या गावाला सर उठून ओरडायचे, "चला, बदला!" बसलेल्या उठायच्या, उभ्या असलेल्या बसायच्या. कंडक्टरला वाटायचं सगळी गाडी उतरतेय. डबा खाताना वाढणारी रोज वेगळी. संघाची कप्तानसुद्धा दर सामन्याला वेगळी. एकदा त्यांच्या घरी कामथडीला चहाला गेले, तर त्यांच्या मंडळी आतून कपबश्या आणता आणता म्हणाल्या, "तिकडं सगळ्या पोरींस्नी आळीपाळीनं बसवत्यात म्हनं. हितं चुलीम्होरं म्याच एकटी हाय, वीस वर्सं झाली. मला कवा पानी प्यायला बोलवलं न्हाई त्यांनी." सर बशीत तोंड घालून बसले. मी मात्र पोट धरून हसले, आणि त्या दिवसापासून वहिनींची माझी गट्टी जमली.

लोकांचा त्रास व्हायचाच. सरपंचांची मुलगी संघात होती, बऱ्यापैकी खेळायची. एका सामन्याला सरपंच स्वतः जीपनं आले आणि मुलीला पुन्हा पुन्हा बाहेर येताना बघून तापले. "मास्तर, आमची पोर काय पानी भरायला आनलीय का तुमी?" सर शांतपणे म्हणाले, "सरपंच, तुमी दोन बैल शर्यतीला न्हेता, तवा चांगल्या बैलाला वाटंतच पळवून न्हेता का?" सरपंच जीपकडे वळले.

पुण्याच्या एका मोठ्या शाळेचे प्रशिक्षक होते, चांगला माणूस, जाणता. त्यांचा संघ नेहमी जिंकायचा. ते एकदा सरांना मायेनं बाजूला घेऊन म्हणाले, "सर, साखळीत ठीक आहे. पण बाद फेरीत सातच्या पुढे जाऊ नका. हरलं की घरी जायचं असतं तिथे. सात चांगल्या निवडा आणि त्याच खेळवा." सर म्हणाले, "व्हय, बरोबर हाय तुमचं. पन माझ्याकडं सात चांगल्या न्हाईत. धा बऱ्या हायेत." मला ते उत्तर इतकं आवडलं, की मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात निबंधाला तोच विषय दिला. पोरांनी गाई-म्हशींवर निबंध लिहिले, ते सोडा.

खरं सांगायचं तर एक चांगली होती. बनी.

बनी धनगरवाड्यावरची. शाळेला यायला डोंगर उतरायची, जायला चढायची, त्यामुळे पाय असे की बघत राहावं. रिंगवर आपटून परत येणारा चेंडू इतर मुलींच्या डोक्यावर असताना बनीच्या हातात असायचा. आत खेळताना ती बाकीच्यांना शेरडं वळवतात तशी हाळी द्यायची, आणि समोरच्या शहरी संघातल्या मुली त्या आवाजानंच दचकायच्या. अभ्यासात मधली. पण वाचायला बसली की जागची हलायची नाही. माझ्याकडून पुस्तकं न्यायची आणि डोंगरावरून धुराचा वास घेऊन परत आणायची.

ती दहावीला आली आणि तिच्या वडिलांनी, नानांनी, सांगून टाकलं की आता बास. नाना काही दुष्ट नव्हते. बायको संधिवातानं आखडलेली, मागं दोन लहान पोरं, शेरडं, चार म्हशी. आणि पुढचं शिकायचं तर डोंगर सोडूनच जायला हवं. सर वाड्यावर गेले आणि एक तोड काढून आले. पुण्याच्या एका कॉलेजात राज्य पातळीवर खेळलेल्या मुलींना प्रवेश मिळायचा, राहणं-जेवण फुकट. नाना म्हणाले, "राज्याला गेली तर न्ह्या मास्तर. माझी ना न्हाई. न्हाई गेली तर मंग मला पुन्ना इचारू नका." एवढंच काय ते ठरलं. राज्याला जायचं म्हणजे तालुका, जिल्हा आणि शेवटी विभाग जिंकायचा.

ही गोष्ट संघात सगळ्यांना माहीत झाली, होणारच होती. आणि पोरी पेटल्या की हो! तालुका जिंकला. जिल्ह्याला तर ती शहाणी शहरी मंडळी तोंडात बोटं घालून बघत राहिली. त्यांच्या सात जणी चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात लटपटायच्या आणि आमच्या दहा तेव्हा कुठे रंगात यायच्या. दर सामन्याला तेच. शेवटच्या काही मिनिटांत सर बनीला ताजीतवानी आत सोडायचे, की खेळ खल्लास. मी वेड्यासारखी ओरडायची. परत येताना घसा बसलेला असायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खुणांनी शिकवायची.

विभागाच्या अंतिम सामन्याला आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. नेहमीप्रमाणे नसरापूरला सर उठले, "चला, बदला!" आणि बनी उठली, तर तिच्या जागेवर कुणी बसेना. सोनालीनं तिला खांदा दाबून खाली बसवलं. "तू बस गं. आज तू उभं न्हाई ऱ्हायचं." वाटेत रेश्मानं आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं तिच्या डब्यात टाकलं. आळीपाळी मोडलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघं कौतुकानं हसलो. पोरी किती जीव लावतात एकमेकींना, असं मी म्हटलंसुद्धा.

सामना बंद सभागृहात होता, लाकडी फरशीवर. समोर पुण्याचाच संघ, त्या भल्या प्रशिक्षकांचा; स्पर्धेत पुणे शहर वेगळा जिल्हा धरतात. पहिले दोन भाग सगळं सरांच्या मनासारखं झालं. पाच आत, पाच बाहेर, पाणी, पुन्हा आत. मध्यंतराला आम्ही थोडे पुढेच होतो. बनीच्या नावावर तीन चुका लागल्या होत्या. या खेळात पाच चुका झाल्या की खेळाडू बाद, पुन्हा आत जाता येत नाही. सर म्हणाले, "तिसऱ्यात बनीला निम्मा येळ बसवायची. शेवटाला ठिवायची."

तिसरा भाग सुरू झाला आणि पुण्याच्या मुली अंगात बळ आल्यासारख्या खेळायला लागल्या. आम्ही मागे पडलो. बनी एकटी तीन जणींना पुरी पडत होती. आणि मग मला दिसलं. तिनं चेंडू रेश्माला दिला आणि ती खाली फरशीकडे बघायला लागली. मी काही बोलायच्या आत सर वळले. "सोनाली, बनीच्या जागी. ऊठ."

सोनाली उठली नाही. ती घोटा धरून बसली होती. "सर, पाय मुरगळला."

"कवा?"

"मगाशी."

सर पुढच्या मुलीकडे वळले. तिच्या पोटात कळ आली होती. तिसरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आणि नुसती मान हलवत राहिली, उरलेल्या दोघींचंही तेच. मी खाली बसून सोनालीचा घोटा चाचपला. सूज नाही, काही नाही. "सर, हिला काही झालेलं नाही," मी म्हटलं. सोनालीला रडू फुटलं.

"सर, दुसऱ्या कुनाच्या बी जागी घाला, आमी जातो. बनीला नका ना काढू. ती भाईर बसली आन् तेवढ्यात गेलं तर? तिचं सगळं जाईल सर."

आता काय म्हणावं! वर्षभर ज्यांना एका वळीत उभं केलं, त्या पोरी आज आपापली पाळी बनीच्या ओटीत टाकून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्याजवळ दुसरं होतं काय द्यायला? घरात कुणाचं अडलं की सगळ्यांनी आपलं सोडून तिकडे जायचं, हेच त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. सर खाली बसले, पोरींच्या पायाशी. "अगं येड्यांनो, ती दमलीया. दोन मिनटं बसली तर शेवटाला उभी ऱ्हाईल. तुमी आत गेला तरच ती वाचंल गं. ऐका माझं."

"न्हाई सर."

"सोने, तुज्या पाया पडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. सोनालीनं तोंड ओंजळीत लपवलं, पण उठली नाही. दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला कोण कसं ढकलणार आत? ती ढोंग करतेय हे आम्हा दोघांना माहीत, आणि का करतेय तेही माहीत. रागवायलासुद्धा जागा नव्हती. सरांनी मिनिटभराचा थांबा मागितला, तेवढाच बनीला श्वास. दुसरा मागितला. मग तेही संपले. आत घातलेल्या बाकीच्या चार जणी ताज्या होत्या, त्या जीव तोडून पळत होत्या, आणि त्यांच्यामध्ये बनी वाळलेल्या ओढ्यासारखी झाली होती. तिला काही कळत नव्हतं, ती फक्त चेंडू बघत होती. नंतर चेंडूही बघेना.

शेवटच्या भागात तिची चौथी चूक लागली. सरांनी पुन्हा बाकाकडे पाहिलं, पोरी पुन्हा हलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं आता तर ती आत हवीच. मी म्हटलं, "सर, काहीतरी करा हो." सर म्हणाले, "काय करू, सांगा."

मग समोरच्या संघातली एक मुलगी चेंडू घेऊन सुटली. बनी मागे पळाली. ताजी असती तर अर्ध्या वाटेत पुढे जाऊन उभी राहिली असती. ती मागेच राहिली, हात लांबवला, आणि हात चेंडूला न लागता त्या मुलीच्या मनगटाला लागला. शिट्टी वाजली. पाचवी चूक.

बनी बाहेर आली आणि टॉवेलात डोकं खुपसून बसली. तिच्या जागी कुणी तरी जायलाच हवं होतं. सोनाली उठली आणि धावत आत गेली, मुरगळलेल्या पायावर. आम्ही एका बास्केटनं हरलो.

ते भले प्रशिक्षक नंतर येऊन सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, हार-जीत चालायचीच. पण आज तुम्ही माझं ऐकलंत बघा. मुख्य खेळाडूला आतच ठेवलंत." सर म्हणाले, "व्हय." माझ्या जिभेवर आलं होतं बरंच काही, पण सरांनी नजरेनं दाबलं.

पुढच्या आठवड्यात सर वाड्यावर निघाले, मी हट्टानं बरोबर गेले. माझं पाऊल त्या चढणीला दहा ठिकाणी अडलं. नानांनी घोंगडं टाकलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. सरांनी कॉलेजचं पुन्हा काढलं. राज्य नाही तर विभाग तरी खेळलीय, मी जाऊन त्या लोकांच्या हातापाया पडतो, म्हणाले. नाना ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मास्तर, एक इचारतो. पोरगी शेवटाला पार वाळून गेल्याली म्हनत्यात. तुमी तर सगळ्यास्नी आळीपाळीनं बसवता. मंग हिलाच का न्हाई बसवली?"

बनी दारात उभी होती, कडेवर धाकट्याला घेऊन.

सर म्हणाले, "माझं चुकलं, नाना. जिकायची हाव सुटली मला."

नानांनी रिकामी कपबशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तुमी बोलला व्हता राज्याला गेली तर. गेली का?" सर म्हणाले, "न्हाई." "मंग ऱ्हाऊ द्या." मीही बोलले, नाही असं नाही. मुलीची बुद्धी, तिची वाचनाची आवड, सगळं सांगितलं. नाना प्रत्येक वाक्याला "व्हय बाई" म्हणत होते. "व्हय बाई, हुशारच हाय," म्हणत होते, आणि काही बदलत नव्हतं. बनीच्या आईनं आतून कण्हत विचारलं, बाईंना अजून चहा हवा का.

उतरताना सर एका धोंड्यावर बसले. "बाई, पोरींचं कुनाला बोलू नका. बनीला तर न्हाईच. आपल्यासाटी केलं आन् त्यापायीच बुडलं, ह्ये तिला कळलं तर ती त्यांच्याकडं बघंल कशी? आन् सोनी तर जीव दील. माझ्यावर राग धरंल ती. धरू दे. म्या मास्तर हाय, मला सोसंल." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, तुम्हाला तरी कुठे सोसणार आहे!

सोसलं नाहीच. वरवर सगळं तसंच होतं. नवे संघ आले, भात गोळा करून सराव झाले, जिल्ह्यापर्यंत मजल गेली तर गेली. पण सर बोलायचे कमी झाले. बनीचं लग्न पुढच्याच वर्षी झालं, भोंगवलीकडे, शेतीतलं घर. सर अक्षता टाकायला गेले आणि जेवायला न थांबता परत आले. माझ्याशी पुष्कळ वेळा तोच सामना काढायचे. अमक्या वेळी असं केलं असतं तर? सोनीला दम दिला असता तर? मी म्हणायची, सर, सोडा आता. ते म्हणायचे, सोडलं. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

ते यंदा गेले, निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं. दुखणं फार दिवस नव्हतं. तेराव्याला मी कामथडीला गेले. अंगण पोरींनी भरलं होतं. आता पोरी कसल्या, लेकुरवाळ्या बाया. पाणी भरायला, वाढायला, उष्टी काढायला त्याच. सोनाली चुलीपाशी भाकरी थापत होती. आणि बनी आली. धाकटं पोर कडेवर, थोरली हाताशी. वहिनींच्या गळ्यात पडून रडली आणि मग पदर खोचून कामाला लागली.

निघताना ती आणि मी एकत्रच रस्त्यावर आलो. तिला भोंगवलीची गाडी, मला भोरची. हायवेच्या कडेला उभं राहून मला राहवेना. मी म्हटलं, "बने, सरांवर राग धरू नकोस गं. आता तर नकोच."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "राग? कशाचा राग बाई?"

"त्यांनी तुला त्या दिवशी बसवलं नाही, त्याचा."

"आवो बाई," ती म्हणाली, "सोनी घोटा धरून बसल्याली म्या आतनं बघितली व्हती की. आन् माझी पाचवी झाली तवा तीच पळत आत गेली. टॉवेल तोंडावर व्हता, डोळं फुटलं नव्हतं माझं."

मी तिथल्या दगडावर टेकले.

"माझ्या लग्नात सोनी मांडवामागं न्हेऊन लई रडली. म्हनली, बने, आमी तुला बुडवली. म्या म्हनलं, गप ऱ्हा, जेवून जा."

"मग सरांना का नाही गं सांगितलंस? ते बिचारे शेवटपर्यंत..."

"म्या दोनदा आल्ते सांगायला. एकदा नसरापूरच्या बाजारात, एकदा हितं सरांच्या घरी. म्या तोंड उघडायच्या आदीच सर म्हनायचे, पोरी, माझं चुकलं. सोनी उघडी पडू नये म्हनून त्यांनी ते सवताच्या अंगावर घेतल्यालं. मला सगळं म्हाइत हाय म्हनले असते, तर त्यांनी येवढं सोसल्यालं बी फुकट गेलं असतं की वो. मंग म्या नुस्ती व्हय म्हनले आन् परत आले."

मला रडू आवरेना. कुणावर रागवावं तर कुणावर? सोनालीवर, सरांवर, नानांवर, या पोरीवर? सगळ्यांनी एकमेकांचं भलंच बघितलं होतं, आणि त्यातून कुणाचंच भलं झालं नाही. मी नुसता तिचा हात धरून बसले. तिनंच माझे डोळे तिच्या पदरानं पुसले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाई, एक इचारायचं कवाचं ऱ्हायलंय. त्या वर्सी राज्याच्या मॅचा कुठं व्हत्या वो?"

"चंद्रपूरला."

"लांब हाय?"

"पुष्कळ लांब. रेल्वेनं जावं लागतं, एक अख्खी रात्र."

"आगं बया," बनी म्हणाली, आणि कडेवरच्या पोराला वर सरकवून घेतलं. "रेल्वेत तर म्या अजून बसलेच न्हाई."

एवढ्यात तिची गाडी आली.